झाकणाखालची हवा

— नाही नाही, त्या स्टुलावर नको साहेब, त्याचा एक पाय लंगडा आहे, मागच्या पाहुण्यांना त्यानं चांगलंच लोळवलं होतं — इथं बसा, खिडकीपाशी. ऑफिसात फुलं लावताहेत म्हणून तुम्हाला माझ्याकडे धाडलं असणार, हो ना? वेळेआधी आलेल्या प्रमुख पाहुण्यांचं करायचं काय, हे कुणाला ठाऊक नसतं, मग सरळ प्रयोगशाळेत आणून बसवतात. बरं असतं ते. इथं माणूस कशाला हात लावत नाही, जास्त प्रश्न विचारत नाही, आपला गुडघे जुळवून बसतो — अगदी तुम्ही बसलात तसा. अहो, मोकळे बसा की. वास येतोय? येणारच. थोडा कुजका, थोडा गोडसर. थोड्या वेळानं नाक सोडून देईल नाद. माझं तर असं झालंय, सुट्टीच्या दिवशी घरी बसले की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. पाणी हवंय? देते ना. तो बाहेर कूलर आहे त्याचं — थांबा, हा ग्लास घ्या, हा पिण्याचा आहे, बाकी कुठल्या काचेला तोंड लावू नका, नाहीतर भाषण द्यायचं राहील बाजूला. हं. प्या.

आवाज? तो घूं घूं होय? तो ब्लोअर. हवा फुंकायचं यंत्र. काल दुपारपासून चालू आहे, खास तुमच्या स्वागतासाठी — म्हणजे मालकांचा तसा हुकूमच असतो, पाहुणे यायचे असले की ब्लोअर लावा, टाकीत छान फेस दिसला पाहिजे, फोटोत उठून दिसतो. एरवी? एरवीचं सांगते, घाई काय आहे, माईकची अजून शिट्टीच थांबली नाहीये. ऐका ना, तो मंडपवाला कधीचा ‘हॅलो हॅलो’ करतोय, आणि माईक आपला किंचाळतोय. तो नीट होईपर्यंत तुमची काही सुटका नाही.

मी? मी इथली जंतूबाई. हसू नका, सगळे तेच म्हणतात, मागे म्हणतात पण ऐकू येतं. रंगशाळेतून जे पाणी बाहेर पडतं — कापड रंगवून झाल्यावरचं, लाल, निळं, काळं, जे काय त्या दिवशी चाललं असेल ते — त्यातला रंग खाणारे जंतू मी सांभाळते. आणले कुठून? आणले कुठून म्हणजे — इथलेच. मागच्या गटारातल्या काळ्या गाळात होते. कितीतरी वर्षं रंग पिऊन पिऊन जे त्या गाळात तगले, तेच निवडून वाढवले. लोकांना वाटतं परदेशातून बाटलीत भरून आले. अहो, गटारातलेच, पण नखरे बघाल तर जावई परवडला. पाणी फार गरम नको, फार गार नको, कोमट हवं — थंडीच्या दिवसांत यांची नुसती पेंग. रंगशाळेतलं पाणी येतं ते सोड्यानं जळजळीत, ते तसंच दिलं तर मरतात, मग आम्ल घालून सौम्य करा, पण जरा जास्त पडलं की आंबट झालं म्हणून पुन्हा रुसले. रंग कापडाला धरायला मीठ घालतात ना, पोत्यांनी घालतात — ते मीठ जास्त झालं की यांचा जीव सुकतो. एकदम गडद रंग सोडला की यांना विषबाधा. आणि उपाशीपोटी तर काडी हलवायची नाही! रंग हे यांचं जेवण नव्हे, हे लक्षात घ्या, जेवण वेगळं द्यावं लागतं — पलीकडच्या बिस्किटांच्या कारखान्यातलं धुवणाचं गोड पाणी आणते मी मागून. ते खातात, आणि खाता खाता रंग मोडतात. जेवल्यावर पान लावावं तसं. म्हणजे सगळं जमून आलं तर. एक गोष्ट हुकली की गेलं, पुन्हा लालच्या लाल.

आणि हे सगळं एका अटीवर — हवा द्यायची नाही. ही मोठी गंमत आहे. त्या पहिल्या टाकीवर झाकण बघितलंत येताना? सिमेंटचं? हवा आत जाऊ नये म्हणून आहे ते. त्यांना हवा मिळाली की ते मरत नाहीत हं — उलट खूश होतात, अंग धरतात, पोरं होतात त्यांना — पण रंगाकडे ढुंकून बघत नाहीत. कशाला बघतील? श्वास घ्यायला हवा आहे की. गुदमरले, की मग नाइलाजानं त्या रंगाच्या कणाला धरतात, हवेचं काम त्याच्याकडून भागवतात, आणि त्यात रंगाचा सांधा तुटतो. कटकन. रंग गेला. गुदमरलेल्यांकडूनच काम होतं, साहेब. इथं मालकांनी तेवढं एक शास्त्र सगळीकडे लावून ठेवलंय, पॅकिंगमध्ये जाऊन बघा, एक खिडकी नाही.

नाही, तसं वाईट नाही बोलत मी त्यांच्याबद्दल. म्हणजे — ओळखते ना मी त्याला. त्यांना. आम्ही एका वर्गात होतो, हे तुम्हाला नसेल सांगितलं कुणी. तो परीक्षेला माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि मी पेपर जरा तिरका धरायची, एवढं पुरे. पुढे रंगशाळा त्याच्या वडिलांकडून त्याच्याकडे आली आणि तो मला शोधत घरी आला — म्हणाला, ओढा लाल वाहतोय, लोक शिव्या घालतात, तूच काहीतरी कर. तेव्हा तो खरंच बोलत होता. मला अजून वाटतं तेव्हा तो खरंच बोलत होता. इथंच, या टेबलावर, बरणीत लाल पाणी नि त्यात माझा गाळ, वरून तेलाचा थर देऊन हवा बंद — आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी डोळे लावून बसलोय. संध्याकाळपर्यंत ते गुलाबी झालं. मग फिकट. मग नुसतं पाणी. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि — जाऊ द्या. हात धरले आणि सोडले. पहिल्या पुरस्काराच्या वेळी त्यानं घातलेला कोट तुम्ही फोटोत बघितला असेल बाहेर. त्या फोटोत मी नाही, मी ब्लोअर बघत होते.

बरं, एक खेळ खेळू या. या दोन बाटल्या. ही टाकीत जाण्याआधीची, बघा कशी लालभडक आहे. आणि ही पहिल्या टाकीतून निघालेली, झाकणाच्या टाकीतून — धरा उजेडात. आहे काही? कण नाही. आता सांगा, जिवावर बेतलं, दोन्हीतलं एक घोटभर प्यायलाच लागलं, तर कुठलं प्याल? लाजू नका, बोट दाखवा. हां. तेच. सगळे तेच दाखवतात, शाळेची सहल आली होती तेव्हा पोरांनीही तेच दाखवलं आणि त्यांच्या मास्तरांनीही.

आणि सगळेच चुकतात. म्हणजे दोन्ही वाईटच, त्या लालची मी वकिली करत नाही. पण रंग गेला म्हणजे रंग संपला असं कुठंय? रंग मोडला. बरणी फुटली, बरणी दिसत नाही, म्हणून काय तुकडे गेले? अनवाणी चालून बघा. त्या तुकड्यांना नाव आहे, अमाइन म्हणतात, सगळी सारखी नसतात, पण त्यातली काही अशी आहेत की रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची मूत्राशयं त्यांनी नासवलीत, हे फार जुनं आहे, पुस्तकात आहे, आम्हाला शिकवलं होतं. त्याला पण शिकवलं होतं. त्याच वर्गात. आणि ते तुकडे — बिनरंगी. वासाला थोडे, चवीला थोडे, डोळ्याला काहीच नाही.

म्हणून तर दुसरी टाकी. तिच्यावर झाकण नाही, तिथं उलटं, तिथं हवा भरभरून द्यायची, की तिथले दुसरे जंतू हे तुकडे खाऊन टाकतात, खरोखरचे संपवतात. आधी गुदमरवायचं, मग श्वास द्यायचा — दोन्ही हवं, याच क्रमानं. अर्धं केलं तर न केलेलं बरं. हे मी त्याला कितीदा सांगितलं असेल! पण ब्लोअर वीज खातो. एका पावसाळ्यात मोटर जळाली, दुरुस्तीला गेली, आणि त्या दिवसांत पाणी बाहेर पडत होतं ते कसं? काचेसारखं. पहिल्या टाकीतूनच काचेसारखं, मग दुसरीचं काय कौतुक? मोटर परत आली ती कोपऱ्यात बसली, पाहुण्यांपुरती जोडायची. मी विचारलं, तर म्हणाला, “पाणी स्वच्छ आहे ना? मग? आणखी काय गोरं करायचंय त्याला?” मी म्हटलं, तू वर्गात झोपला होतास का? तर हसला. म्हणाला, “वर्गात पण तूच जागी होतीस.” आणि विषय संपला. विषय असाच संपतो त्याचा, गोड बोलून. तुमच्याच प्रदूषण खात्यातून तपासनीस यायचे, ते बाटली उजेडात धरायचे, अशीच, तुम्ही आता धरलीत तशी — आणि मान डोलवायचे. त्यांना मी तोंडावर सांगितलंय, साहेब, तुम्हाला खोटं वाटेल. एकजण म्हणाला, “बाई, दिसत तर काहीच नाही.” दिसत नाही हेच तर सांगतेय मी! गाढवापुढे वाचली गीता.

— थांबलात का? प्या ना, अर्धाच ग्लास झालाय. कूलरचं आहे हो. अहो, खरंच कूलरचं आहे.

आता ग्लासावरून निघालंच आहे तर सांगते, नाहीतरी तिथं स्टेजवर तुमच्या हातात देणारच आहेत. नाही सांगितलं? अरे देवा. अहो, तीच तर या कार्यक्रमाची गंमत! दर वर्षी प्रमुख पाहुण्यांनी शुद्ध केलेलं पाणी सगळ्यांसमोर प्यायचं, मालकांनी पण प्यायचं, मग टाळ्या. काचेचा जग असतो, निळ्या कापडावर ठेवलेला. तो जग भरायचं काम माझं. ब्लोअर बंद झाल्यावर पहिल्या वर्षी मी मुद्दाम टाकीतून निघालेलंच पाणी भरून आणलं — मनात म्हटलं, बघू, पितोस का. त्यानं जग हातात घेतला. माझ्याकडे बघितलं. बेसिनमध्ये ओतला, विसळला, दोनदा विसळला, कूलरखाली धरला, भरला. तेव्हापासून मीही कूलरवरूनच भरते, कुणी सांगायला लागत नाही. म्हणजे त्याला सगळं माहीत आहे. मला काय वाटायचं, कळत नाहीये त्याला, आळस असेल, विसरला असेल शिकलेलं. दोनदा विसळला हो त्यानं तो जग.

नाही, मी गप्प बसले असते. खरं सांगते, अजूनही बसले असते. नोकरी आहे, एकटीचं घर आहे, आणि ते जंतू — त्यांना दुसऱ्या कुणी इतकं जपलं नसतं. माणूस स्वतःची समजूत घालतो, की ओढा काय, वाहून जातो. पण त्या ओढ्याच्या वळणावर माझी धाकटी बहीण राहते.

चादरी धुते ती. खाणावळींच्या, लॉजच्या, पांढऱ्या चादरी. पूर्वी ओढा लाल वाहायचा तेव्हा कुत्रंसुद्धा त्याला तोंड लावत नसे — आयाबाया पोरांना त्या काठाला जाऊ द्यायच्या नाहीत. नळाचं पाणी येईल तेव्हा येईल, त्यात धाकटी कशीबशी भागवायची. मग माझं काम सुरू झालं, ओढा निवळला, आणि तिचा आनंद काय सांगू! पहिल्यांदा एक फडकं बुडवून बघितलं, मग उशीची खोळ, मग आख्खी चादर. डाग नाही पडला. तिच्या लेखी पाण्याची परीक्षा तेवढीच — पांढऱ्यावर डाग पडला नाही म्हणजे पाणी सोन्यासारखं. मग त्याच पाण्यानं भांडी. मग चहा. मग काय, माठच भरला. आणि येईल त्याला सांगायचं, “माझ्या ताईनं साफ केलंय. प्या, प्या.” सगळा काठ प्यायला लागला तिच्या शब्दावर.

सांगितलं नाही असं कसं म्हणता? सांगितलं की! ब्लोअर बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गेले, दारातूनच म्हटलं, ते पाणी पिऊ नकोस. तर ही हसतेय! म्हणाली, “तू जन्मात कधी तुझ्या कामाला चांगलं म्हणालीस?” — आणि खरंय ते. शाळेत पहिली आले तरी मी घरी येऊन म्हणायची पेपर सोपा होता. शिवलेला फ्रॉक नीट झाला नाही, भात चिकट झाला, भाषण पडलं — हे माझं लहानपणापासून तुणतुणं. त्यामुळे मी म्हटलं पाणी वाईट आहे, की तिला वाटतं, झालं, ताईचं नेहमीचं सुरू. वर मलाच समजावते, जरा स्वतःचं कौतुक करायला शीक म्हणून. शिव्या दिल्या तर म्हणते, केवढा तो विनय.

मग कपाटात ठेवलेल्या चादरी पिवळ्या पडायला लागल्या. ते तुकडे हवेत राहिले की हळूहळू काळवंडतात, कडेनं तपकिरी झाक येते — मी बघितल्याबरोबर ओळखलं. ती म्हणते लोखंड असेल पाण्यात. गिऱ्हाइकं कटकट करायला लागली, तेव्हा मी विकतच्या पाण्याचे कॅन नेऊन द्यायला लागले तिला. म्हटलं, हे पी. आणि एकदा न सांगता गेले, तर काय बघते — कॅनमधलं पाणी चादरींना! शेवटचं खळबळायला. म्हणे, चादरी पिवळ्या पडल्या तर गिऱ्हाईक जाईल, माझं काय, मी पिते ओढ्याचं.

मागच्या थंडीपासून तिला लघवीतून रक्त जातंय.

— तसं बघू नका माझ्याकडे. तपासण्या चालू आहेत. कशामुळे ते कुणी सांगू शकत नाही, डॉक्टर नाही, मीही नाही. हजार कारणं असतात, मी शास्त्र शिकलेली बाई आहे, उगाच बोट दाखवणार नाही. त्याच्या तोंडावरही मी तसं म्हटलेलं नाही. फक्त विचारलं, आता तरी ब्लोअर लावशील? तर डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, “चांगल्या डॉक्टरकडे ने, खर्च मी करतो.” खर्च करतो! विजेचा नाही हं, डॉक्टरचा. आणि डॉक्टरांनी धाकटीला काय सांगितलं माहीत आहे का? भरपूर पाणी पी म्हणाले. इमानेइतबारे पिते ती. तांब्यावर तांब्या. ओढ्याचं.

असो. तुमचा ग्लास तसाच आहे. असू दे, नका पिऊ.

तुम्ही मघाशी विचारलंत ना, हा आवाज कसला. ब्लोअरचा. काल मला हुकूम मिळाला ब्लोअर लावायचा, मी लावला. फेस? नाही, दुसऱ्या टाकीत फेस नाहीये, बरोबर ओळखलंत, तुम्ही येताना बघितलं असणार. तिथं हवा जातच नाहीये. मी — म्हणजे नळी लांब आहे त्याची, पुरते. झाकणाला एक भोक आहे तपासणीचं. त्यातून मी ती पहिल्या टाकीत सोडली. काल दुपारी. पंपावरच्या माणसानं विचारलं, बाई, इकडे कशाला? म्हटलं, यांनाही आज जरा श्वास घेऊ दे, कार्यक्रम आहे.

एवढं सांगायचं नव्हतं खरं तर मला. तुम्हाला नुसतं जंतूंचं सांगणार होते, नेहमीचं, पाच मिनिटांचं. पण आता सांगितलंच, तर वळा जरा खिडकीकडे. उगाच नाही तुम्हाला इथं बसवलं. ती खाली मोरी दिसते का, भिंतीतून बाहेर पडते ती, जिथून ओढ्यात — हां. काय रंग आहे? मी इथून नाही बघत, सकाळी बघून आले. पोटभर खाल्लंय त्यांनी, गोड पाणी दुप्पट दिलं होतं काल, हवा आहे, ऊब आहे, आणि रंगाला शिवलेसुद्धा नाहीत. जसा आत आला तसा बाहेर. इतक्या वर्षांत एवढे सुखी कधी नव्हते माझे जंतू. आणि दिवस पण बघून ठरवला मी — आज रंगशाळेत लाल चाललाय, सगळ्यात भडक. निळा असता तर म्हणाले असते, आभाळ पडलंय पाण्यात.

हो, ते पण वाईटच. मी कुठं म्हणते अमृत आहे? लाल पाणी ओढ्यात सोडलं मी, सोडलं, हात दाखवून अवलक्षण. मासे असले तर मरतील, शिव्या खाईन, नोकरी तर गेलीच आहे, त्यानं अजून बघितलं नाही म्हणून. पण ते ओरडून सांगतं ना साहेब, की मला पिऊ नका! लांबून सांगतं. लहान पोराला कळतं. मी इतकी वर्षं काय केलं — त्याचा आवाज बंद केला. विष तिथंच, नुसता आवाज बंद. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बोलवा, बोलवा ना त्याला. माईक झालाय दुरुस्त, आता फुलं पण लावून झाली असतील. नळी काढली तरी आजचा दिवस काही होत नाही, टाकीभर लाल पाणी आहे, निवळायला उद्या उजाडेल. उद्या तो नळी काढेल, झाकणाचं भोक बुजवेल, मला काढेल, हे मला कळत नाही असं नाही. पण एक दिवस तरी काठावरचा माणूस बादली घेऊन येईल आणि तसाच परत — थांबा हं. फोन. एक मिनिट, घ्यायलाच हवा.

— हं, बोल गं. — काय? — किती लाल? — अगं हो, ऐकतेय. रडतेस कशाला, वेडे? — हो. — हो गं, बिघडलं. माझंच बिघडलं. — हो, आजच नेमकं, काय करणार, नशीब. — नाही, ओरडणार नाहीत मला. बघू. — ते सोड, तू सकाळी माठ भरलास का? — ओतून दे. — सगळा. घासून उपडा घाल. — आणि कॅनमधलं पी. — चादरींना नाही! चादरी राहू देत, तू पी. — उद्या निवळलं तरी भरायचं नाही. — शपथ घे. माझ्या गळ्याची. — आणि काठावर सगळ्यांना सांग जाऊन. — अगं होऊ दे बदनामी. सांग, ताईला काही येत नाही. सांग, ताईचं सगळं काम वाया गेलंय, तिच्यावर विश्वास ठेवू नका. — म्हण बघू माझ्यासमोर एकदा. — हं. — हं. असंच सांग. — जेवलीस का? — बरं. ठेव.

…

धाकटी होती. मला सावरायला फोन केला होता तिनं.

चला, नाव पुकारताहेत तुमचं. ऐकू येतंय ना? टाळ्या पण सुरू झाल्या. तुमचं भाषण खिशातून वर आलंय, नीट ठेवा. जग ठेवलाय तिथं निळ्या कापडावर. मी आज भरला नाही, कुणी भरलाय, कुठून भरलाय, मला माहीत नाही. — काय म्हणालात? तुम्ही प्यालात ते? अर्धा ग्लास? मघाशी सांगितलं ना, कूलरचं होतं. स्वच्छ होतं. शपथेवर सांगते.

नाही ना पटत? बघता काय एवढं त्या ग्लासात. दिसणार आहे का काही?

जा तुम्ही. आणि दार ओढून घ्या.